रक्तांतल्या शिपायांची मोजदाद

१८८२ सालीं इटलींतील मेसिना येथें घरची सारी मंडळी सर्कशीला गेली असतां इल्या मेचनिकोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ एकटाच सूक्ष्मदर्शकापाशीं बसून राहिला होता. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत त्यानें गुलाबाचा कांटा टोंचून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीं पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! पुढें १९०८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या घरांत हें नांव कोणीं ऐकलेलें नव्हतें. पण त्याच्या त्या शिपायांशीं आमची गांठ गेल्या वर्षीं सासूबाईंच्या आजारांत पडली.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या अतिदक्षता विभागांत होत्या. दुसऱ्या दिवशीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला १४,००० भरल्या. तिसऱ्या दिवशीं ३,२००. ताप नव्हता. 'उतरल्या एकदांच्या!' म्हणून आमचे थोरले दीर तो कागद सर्वांना दाखवूं लागले. तरुण डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र उतरला. 'काका, शिपाई पडताहेत तितक्या वेगानें अस्थिमज्जेला नवे पाठवितां येत नाहींत, असा मला संशय येतो,' त्या म्हणाल्या. अर्धवट वाढीच्या 'बँड' पेशींचें प्रमाणही चढलें होतें; म्हणजे पोरगेले रंगरूटसुद्धां लढाईवर निघाले होते. रक्ताचें कल्चर पाठवून तासाभरांत प्रतिजैविक सुरू झालें. कल्चरांत जंतू सांपडल्याचें दोन दिवसांनीं कळलें. तोंवर सासूबाई उठून बसल्या होत्या आणि चहा बेचव असल्याची तक्रार करीत होत्या.

४,००० च्या खालीं, १२,००० च्या वर, किंवा दहांत एकाहून अधिक पेशी अपक्व, या खुणा १९९१ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या परिषदेनें ठरविल्या. २०१६ च्या व्याख्येंतून त्या वगळल्या गेल्या, व माझ्या मतें तें योग्यच झालें. शस्त्रक्रियेच्या नुसत्या आघातानें किंवा स्टेरॉइडनेंही पेशी वाढतात. जंतूंशीं लढतांना शरीराचा तोल सुटून स्वतःच्याच अवयवांवर घाला पडतो, त्याला आतां सेप्सिस म्हणतात. संशोधक संख्येबरोबर पेशींच्या आकाराकडेही पाहूं लागले आहेत. सेप्सिसमध्यें मोनोसाइट पेशी लहानमोठ्या, विषम आकाराच्या होतात, आणि मोजणीचें यंत्रच हा विषमपणा आंकड्यानें सांगतें. २०१९ सालीं अमेरिकेच्या औषध प्रशासनानें तांतडीच्या विभागांतील प्रौढ रोग्यांसाठीं या मापास मान्यता दिली. यास निराळें रक्त काढावें लागत नाहीं, हें सुयांनीं रडकुंडीस आलेल्या रोग्यास केवढें सुख!

आणखी एक ओळ घरच्यांनीं पाहावी: प्लेटलेट्सची. तो आंकडा नव्या व्याख्येच्या गुणपद्धतींतही टिकून आहे. तो रोज उतरत असेल तर डॉक्टरांना कारण विचारण्यांत संकोच करूं नये.