आमची मातीची लढाई

गेल्या दिवाळीत खोपटातील आमच्या चाळीच्या अंगणात मी व माझ्या धाकट्या भावाने मातीचा किल्ला बांधला. लढाईच्या खेळात मी नेहमी मराठा व्हावे आणि त्याने फिरंगी व्हावे, हा माझा कायदा! स्वार एका डावात चार विती दौडे, पायदळ एक वीत. तोफ जागची हलत नसे, परंतु तिचा पल्ला तीन विती. माझे स्वार क्षणात तटाशी भिडत व तेथेच पडत. मग मी नियम बदलून जिंकत असे. तिसऱ्या दिवशी भाऊ खेळावयास आलाच नाही.

आजोबांनी मला जवळ बसविले. ते म्हणाले, "१७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा पोर्तुगीजांचे बांधकाम अपुरे होते. वसईचा तट मात्र भक्कम. तेथे घोड्यांचा काय उपयोग? चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावले, पुष्कळ माणसे गमावली, तेव्हा कोठे १७३९ च्या मे महिन्यात वसई हाती आली. त्यांनी शत्रूचे बळ ओळखले. तू नियमच मोडतोस!"

मी खजील झालो. त्या सायंकाळी भावास मराठा करून मी फिरंगी झालो. त्याने स्वार मागे ठेवले, काडीने तटाखाली बीळ पाडले आणि माझा बुरूज ढासळला. मी हरलो खरा. पण दुसऱ्या दिवशी खेळावयास बोलावण्याकरिता तोच आपण होऊन आला.