अब्बांची दांड्याची सायकल

साताऱ्याहून सांगलीला मी शक्यतो रेल्वेनेच जाते. स्टेशन शहरापासून लांब, माहुलीच्या बाजूला. रिक्षाला पैसे जातात. तरी कोरेगाव, रहिमतपूर, कराड, ताकारी अशी नावं एकामागून एक खिडकीतून गेली की माहेर जवळ आल्यासारखं वाटतं. 1949 मध्ये या एका सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. मरहूम अब्बा मात्र शेवटपर्यंत स्वतःला दक्षिण साताऱ्याचे म्हणवत आणि हसत.

या खेपेला मुलगी बरोबर होती आणि काम वेगळंच होतं. 2019 च्या महापुरात सांगलीला आपाच्या घरात छातीभर पाणी शिरलं, तेव्हा अब्बांची सायकल जिन्याखाली होती. पाणी ओसरल्यावर गाळासकट ती परसात उभी केली, ती तिथेच राहिली. भंगारवाला दोनदा विचारून गेला. भाईजान फोनवर म्हणाले, "देऊन टाका, गंजाला काय जपायचं!" मुलगी म्हणाली, "मला द्या. मी तिची क्रूझर करणार."

क्रूझर म्हणजे रुंद हँडलची, फुगीर टायरची, ताठ बसून आरामात चालवायची सायकल. तिचं मूळ अमेरिकेत. 1933 मध्ये, ऐन मंदीत, शिकागोच्या श्विन कंपनीने दोन इंचांहून जाड टायरची सायकल काढली. पोरांनी कशीही दामटली तरी टिकावी म्हणून. हे सगळं मुलीनेच मला सांगितलं. मला ते पटत नव्हतं. हीच सायकल रोज मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेली, त्यावर आमची शिक्षणं झाली. तिला रंगीबेरंगी करायची?

वाद गाडीतही चालू होता. किर्लोस्करवाडी आली आणि मला अब्बांची आठवण झाली. इथे गाडी थांबली की ते हटकून सांगत, "या कारखान्याचं मूळ सायकलच्या दुकानात आहे." खरंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायलाही शिकवायचं. मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि 1910 मध्ये या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. स्टेशनचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात.

मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सायकलचा नांगर झाला तरी कुणी रडलं नाही." मी गप्प बसले.

आपाच्या घराजवळच्या मिस्त्रींनी आधी सायकल उलटी केली. पाना घेऊन एकेका नळीवर टकटक करत ते कान लावून ऐकत होते. आतून कुजलेल्या नळीचा आवाज बद्द येतो म्हणे. आमच्या फ्रेमचा आवाज खणखणीत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

पुढचं काम मात्र सोपं नव्हतं. मुलीला वरचा दांडा कापून कमानीसारखा वाकवायचा होता. मिस्त्रींनी साफ नकार दिला. "बेटा, या नळ्या जोडाच्या तोंडात पितळ भरून बसवल्यात. कापलीस तर फ्रेम मरेल." दांडा वाचला. चाकांचं निराळंच. जुनी 28 इंची चाकं गंजून गेली होती. 26 इंची जाड चाकं घालायची, तर जुन्या सायकलच्या पुढच्या हबला 32 भोकं, मागच्या हबला 40, आणि नव्या रिमला 36. तारा बसणार कुठे? म्हणून एका मोडक्या रेंजर सायकलचे हब घेतले. चाक लहान झाल्यावर जुने दांड्याचे ब्रेक रिमपर्यंत पोहोचेनात. मग त्याच मोडक्या सायकलचे ब्रेकचे खुंट कापून रिमच्या कडेपासून इंचभर आत, आमच्या फोर्कवर आणि मागच्या नळ्यांवर पितळाने जोडले. टायरही मुलीला हवा तेवढा जाड मिळाला नाही. फोर्कच्या दोन पायांत तो घासत होता. एक नंबर बारीक घेतला. छर्रे सगळे नवे. "सायकल इंचभर खाली आलीय," मिस्त्रींनी बजावलं, "वळताना पायडल मारू नको, जमिनीला टेकेल."

रुंद हँडलसाठी आम्ही मिरजेला गेलो. दर्ग्याजवळच्या सितारवाल्यांच्या गल्लीत मुलीचा पाय निघेना. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, कुणीतरी तार छेडून पाहतंय. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारं घडवणारे. राजांच्या लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा हे हात तंबोरा आणि सितारीकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हँडल मात्र तिथून दोन गल्ल्यांवर, भंगाराच्या ढिगात सापडलं. घासाघीस मी केली. ते मला चांगलं जमतं.

रंगावरून पुन्हा भांडण. मुलीला फिका निळा हवा होता, मला काळा. शेवटी काळाच लागला, कारण मिस्त्रींकडे तोच डबा उघडलेला होता.

जुम्याच्या दिवशी असरनंतर तिने सायकल आयर्विन पुलावर नेली. मी आणि आपा रिक्षाने मागे. 1929 चा हा पूल. पुराची पातळी इथेच मोजतात. धोक्याची खूण 45 फुटांची, 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आता कृष्णा खाली शांत होती. मुलगी ताठ बसून सांगलीवाडीकडे गेली, परत आली. अब्बा पुढे वाकून चालवायचे, कॅरियरला डबा बांधलेला असायचा. ती तशी दिसली नाही. घंटी मात्र तीच होती, गाळ काढल्यावर वाजली.

साताऱ्याला न्यायचा बेत तिनेच रद्द केला. जड सायकल, गियर नाही; पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढताना उतरून ढकलावी लागली असती. सांगलीची जमीन सपाट आहे. आपाची नात आता विश्रामबागला क्लासला ती घेऊन जाते. मुलगी दर सुट्टीला येऊन छर्ऱ्यांना ग्रीस भरते आणि नातीला चाकात हवा कमी म्हणून ओरडते.

जुन्या ब्रेकचे दांडे आपाने कुणाला दिले नाहीत. परसात कारल्याच्या वेलाला ते आधार म्हणून रोवलेत.