मोआबच्या वाळवंटात बाबांचं इन्सुलिन

मागच्या जूनमध्ये आई-बाबा बडोद्याहून डेन्व्हरला आले, तेव्हा त्यांना युटामधलं मोआब दाखवायचं ठरलं. माझ्याकडे एक जुना पिकअप ट्रक आहे. त्याच्या हौद्यावर कॅम्पर बसवलेला आहे, म्हणजे बिछाना, शेगडी आणि छोटा फ्रिज असलेली एक खोलीच. आई पहिल्यांदा आत डोकावली आणि म्हणाली, "दांडिया बाजारातल्या आपल्या माळ्यापेक्षा मोठं आहे रे!"

दहा दिवसांची सहल. फ्रिजमध्ये बाबांचं इन्सुलिन, चालू पेन आणि दोन नवे. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या दुकानात चालत नाही, त्यामुळे फ्रिज हीच आमची खरी काळजी होती. म्हणून एप्रिलमध्येच मी जुनी लेड-ॲसिड बॅटरी काढून लिथियमची बसवली. वजन निम्म्याहून कमी झालं, हाही फायदाच. ट्रकला किती भार झेपतो ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं आणि आईचे थेपल्यांचे डबे धरून आम्ही त्या आकड्याच्या अगदी काठावर होतो. गाडी चालताना बॅटरी नीट भरावी म्हणून नवा चार्जर आणि जाड वायरही घातली. फ्रिजकडे जाणारी जुनी वायर आणि तिचा फ्यूज मात्र तसाच ठेवला. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? आमच्या धंद्यातली जुनी खोड.

आयसेनहॉवर बोगदा, म्हणजे अकरा हजार फुटांवरचा गारवा, ओलांडून संध्याकाळी आम्ही डेड हॉर्स पॉइंटला पोहोचलो. दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदी वळसा घेते. बाबा बराच वेळ कठड्याशी गप्प उभे होते. परतलो तर फ्रिज बंद आणि आत कोमट.

मी मीटर काढला. बॅटरीवर १३.२ व्होल्ट. फ्रिजचा प्लग काढून तिथे मोजलं, १३.१. सगळं ठीक! म्हणजे फ्रिजच गेला, असं मी जाहीर करून टाकलं. आईने काही न बोलता पेन डबीत घालून वर ओलं फडकं गुंडाळलं आणि डबी वाऱ्यावर ठेवली. कोरड्या हवेत ती माठासारखी गार झाली.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. म्हणाले, "अरे, लोड नसताना मोजून काय कळणार? फ्रिज लाव आणि मग मोज." लावला. कॉम्प्रेसर सुरू होताच प्लगपाशी १०.८. काही सेकंदांत फ्रिज पुन्हा बंद. तोवर बाबा वायरवरून बोटं फिरवत होते. "इथे चटका बसतोय."

तोच जुना फ्यूज होल्डर. आतले पत्रे हिरवे पडलेले. पाच अँपिअर जाताना तिथेच दोन-अडीच व्होल्ट जळत होते. बाबांनी पत्रे सुरीने खरवडले, चिमट्याने आवळले, आणि रात्र निघाली. सकाळी मोआबमध्ये नवा होल्डर आणि जाड वायर घेतली. दुकानाच्या आवारातच बाबांनी ती जोडली, मी टॉर्च धरला. भर उन्हात टॉर्च, पण त्यांनी धर म्हटलं म्हणून धरला.

जुना होल्डर त्यांनी फेकू दिला नाही. रुमालात बांधून बडोद्याला घेऊन गेले.