शहाणपण घेऊन पेडगावला

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. त्यातले पेडगाव भीमेच्या काठचे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यातले. 1674 साली मराठ्यांच्या फौजेने बहादूरखान कोकलताशाला हुलकावणी देऊन त्याची छावणी लुटली, ती तिथे. पण परभणी जिल्ह्यातही एक पेडगाव आहे, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या गावीही नसते. मुळात परभणीचीच वाट शहरी माणूस सहसा धरीत नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून तिची थट्टा मात्र सगळ्यांना पाठ असते.

गेल्या पौषात एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी या दुसऱ्या पेडगावला गेलो. मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास सुरू झाला. तेव्हा तो अरुंद मीटर गेजचा होता, आता रुंद झाला आहे. पण पॅसेंजरची चाल अजून निवांतच. परभणी सोडून गाडी मनमाडच्या बाजूला वळली की थोड्याच वेळात पेडगावचे लहानसे स्टेशन येते. दोन्ही अंगांना काळीभोर कापसाची जमीन. तुरी वाळत आलेल्या, हरभऱ्याला घाटे धरलेले, ज्वारी हुरड्यात. सकाळचे आठ वाजून गेले होते, तरी फलाटावरची माणसे कानाला मफलर गुंडाळून उभी होती. परभणीचे ऊन सर्वांना ठाऊक असते, तिची थंडी फारशी कोणाला ठाऊक नसते. वैशाखात चव्वेचाळीस अंशांपुढे जाणारा इथला पारा पौषात कधीकधी पाचाच्याही खाली उतरतो.

विद्यार्थ्याच्या मामांचे घर गावात. अंगणात हुरडा भाजण्याची तयारी चालली होती. माझे लक्ष मात्र गोठ्याशेजारच्या ट्रॅक्टरवर खिळले. त्याच्यावर एक छोटेसे घरच बांधलेले होते!

“ही आमची चाकावरची खोप, गुरुजी,” मामा हसून म्हणाले. बाजारात याला हूड म्हणतात. राखणीसाठी शेतात घालतात ती खोप, आणि ही ट्रॅक्टरवरची. शब्द मला फार आवडला.

खोपीची रचना मामांनी हौसेने समजावून सांगितली. भंगारातून आणलेल्या लोखंडी अँगलचे चार खांब, ते मडगार्डच्या आणि पुढच्या बाजूच्या बोल्टांना पट्ट्या लावून आवळलेले. ट्रॅक्टरला कुठे भोक पाडलेले नाही की वेल्डिंग केलेले नाही. चार नट सोडले की सारी खोप उतरते. वर जुन्या कोठीचा पत्रा. नुसता पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो, म्हणून खालून बारदानाचा दुहेरी थर शिवलेला. उन्हाळ्यात बाजू मोकळ्या. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे आणि पुढे जाड पारदर्शक प्लास्टिक.

“खर्च किती आला?” मी विचारले.

“एका बोकडाच्या किमतीत झालं बघा. वेल्डर गावचाच, मजुरी त्यानं हुरड्यावर भागवली.”

उन्हाळ्यातल्या नांगरटीला सावली हवी, हे कळले. पण पडदे कशाला? त्याचे उत्तर उसात होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या जिल्ह्यात पाणी आले आणि पाण्यामागून ऊस आला. गाळपाचा हंगाम नेमका थंडीचा. दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर रात्रीच निघतो, आणि कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत चालक पहाटेपर्यंत तिथेच कुडकुडत बसतो. “माझा पुतण्या एका हंगामात दोनदा तापानं पडला,” मामा म्हणाले. “घोंगडी घेतली तर स्टिअरिंगमधी गुततीय. मग म्हटलं, माणसाला नको, गाडीलाच घोंगडी पांघरू.”

हाच विचार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही माणसाला सुचलेला आहे. कॅनडा, फिनलंडसारख्या देशांत हिवाळ्यात शेतकरी ट्रॅक्टरला पाते जोडून अंगणातले नि वाटेवरचे बर्फ लोटतात. तिथेही ज्याला तयार केबिन परवडत नाही तो लाकडी चौकट, प्लायवूड आणि पारदर्शक पत्रे जोडून घरीच केबिन करतो. काही जण इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हास बांधतात, म्हणजे पंख्याने मागे फेकलेली गरम हवा थेट चालकाच्या अंगावर येते. मामांनी उन्हाळ्यासाठी याच्या नेमके उलट केले आहे. पायाजवळ पत्र्याचा आडोसा लावून ती झळ त्यांनी बाहेर काढून दिली आहे.

अमेरिकेत मिनिॲपोलिस-मोलीन कंपनीने 1938 साली बंद केबिनचा, हीटर आणि रेडिओ असलेला ट्रॅक्टर काढला होता. शेतकऱ्यांना ती चैन वाटली. दीडशेच्या आसपासच तसे ट्रॅक्टर बनले. नांगरणाऱ्याने ऊन-वारा सोसायचाच, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. आज वातानुकूलित केबिनचे ट्रॅक्टर भारतातही मिळतात, पण त्यांची किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची.

मात्र या खोपीचे कौतुक करताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ती सावली देते, ऊब देते. जीव वाचवीत नाही. बांधावरून किंवा कालव्याच्या कडेला ट्रॅक्टर उलटला, तर असे अँगल काडीसारखे वाकतात. उलटल्यावरही चालकाभोवती जागा राखणारी मजबूत चौकट ही वेगळी वस्तू आहे. ती कारखान्यात भार देऊन, कसोटीला लावून तयार होते. स्वीडनने 1959 सालीच नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली, आणि तिथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चिरडून मरणाऱ्यांची संख्या पुढे फार घटली. अशा चौकटीबरोबर कमरेचा पट्टा बांधायचा असतो. साध्या हूडखाली मात्र स्वतःला पट्ट्याने जखडून घेणे घातकच.

मामांना हे ठाऊक होते. “खोप हाय म्हणून पोरगं जोरात हाणायला लागलं, तर मी आधी खोपच काढीन,” ते म्हणाले. सायलेन्सरपासून ताडपत्री हातभर दूर होती. धूर आत कोंडू नये आणि मागचे अवजार दिसावे, म्हणून पाठीमागची बाजू उघडी होती. वादळवाऱ्याची चिन्हे दिसली की पडदे गुंडाळायचे, नाहीतर त्यांचे शीड होते, हेही त्यांनीच सांगितले. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून या भागाला शेतीचे शास्त्र शिकवीत आहे; त्याच्या जोडीला हे अंगणातले शास्त्रही चालू आहे.

पूर्वी आपल्याकडे प्रवासाला निघालेल्या बायका-मुलांसाठी बैलगाडीवर टप घालीत. औत हाकणाऱ्याच्या डोक्यावर मात्र मुंडाशाशिवाय काही नसे. बैल जाऊन ट्रॅक्टर आला, आणि राबणारा तसाच उघड्यावर राहिला. पेडगावच्या अंगणात हा जुना हिशेब थोडा तरी बदललेला दिसला.

आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे थोडीफार जमीन असते आणि ती भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरली जाते. यंदा दिवाळीला गावी जाल तेव्हा त्या चालकाच्या डोक्यावर काय आहे, एवढे जरूर पाहा. नवा ट्रॅक्टर घेणारे कोणी घरात असेल, तर अश्वशक्तीबरोबर संरक्षक चौकटीचीही चौकशी करायला सांगा. आणि चौकट येईपर्यंत सावलीसाठी एक खोप बांधायला बोकडाएवढेच पैसे लागतात, हेही त्यांच्या कानावर घाला.