भूमध्यकांठचे आठ दिवस

परदेशीं स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे जाऊन दोन-चार महिने राहून येणें हें आतां आपल्या घरांतून नवलाचें राहिलेलें नाहीं. तेथें गेल्यावर मुलें आपणांस कोठें तरी फिरावयास नेतातच. आणि ह्या फिरण्याचा जो एक प्रकार हल्लीं युरोपांत फार लोकप्रिय आहे, त्याचा अनुभव घेण्याचा योग आम्हां उभयतांस नुकताच आला. वाचकांपैकीं पुष्कळांवर हा प्रसंग आज ना उद्यां यावयाचा असल्यामुळें त्यासंबंधीं चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें वाटतें.

आमची कन्या व जांवई जर्मनींत स्टुटगार्ट येथें असतात. मे महिन्याच्या अखेरीस नातवाच्या शाळेला दोन आठवड्यांची सुटी पडली, तेव्हां त्यांनीं तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्या प्रांतांत, सिदे नांवाच्या प्राचीन नगराजवळील एका रिसॉर्टांत आठ दिवसांचा मुक्काम ठरविला. विमान, खोली, तिन्ही वेळचें खाणेंपिणें, मधल्या वेळचा फराळ, पोहण्याचे तलाव, मुलांचे खेळ, रात्रीचे गाण्याबजावण्याचे कार्यक्रम, ह्या सर्वांचे पैसे घरूनच एकदां भरावयाचे. मग तेथें खिशांत हात घालावा लागत नाहीं. ह्याला 'ऑल-इन्क्लूझिव्ह' असें नांव आहे. आपण गवंड्याला काम उक्तें देतों, तसा हा उक्ता मुक्काम होय.

ही कल्पना फार जुनी नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० सालीं, झेरार ब्लिट्झ नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथें समुद्रकांठीं तंबू ठोकून 'क्लब मेडिटेरानी' ह्या संस्थेची पहिली वसाहत मांडली. युद्धानें शिणलेल्या लोकांनीं एकत्र राहावें, एका मेजावर जेवावें, लहानथोर हा भेद चार दिवस विसरावा, असा तिचा रोंख होता. पुढें ह्या वसाहतींतून वरखर्चाचें मोल नाण्यांऐवजीं गळ्यांतील मण्यांनीं चुकविण्याची चाल पडली. पैशाचा विसर पडावा म्हणून ती युक्ति होती. कालांतरानें तंबूंचीं हॉटेलें झालीं, मण्यांची जागा मनगटावरील पट्टीनें घेतली, आणि अनोळखी लोकांनीं एका मेजावर जेवण्याची गोष्ट मात्र मागें पडली. तुर्कस्तानांत १९८२ च्या पर्यटन-उत्तेजन कायद्यानें किनाऱ्यावरील सरकारी जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें हॉटेलांना देण्याची वाट मोकळी केली, आणि चाळीस वर्षांत ह्या किनाऱ्याचें रूप पालटलें. २०२३ सालीं एकट्या अंताल्या प्रांतांत दीड कोटीहून अधिक परदेशी प्रवासी उतरले. प्रांताची स्वतःची वस्ती सत्तावीस लक्षांच्या आसपास आहे.

आम्ही पोंचतांच आमच्या मनगटांवर रंगीत पट्टी बांधण्यांत आली; राखीसारखी, परंतु निघण्याच्या दिवसापर्यंत न सुटणारी. ही पट्टी दिसली कीं कोणी कांहीं विचारीत नाहीं. सकाळीं न्याहारीला आठ-दहा जातींचे ऑलिव्ह, पांढरें चीज, पोळ्यासकट मध, काकडी-टोमॅटो, तिळाचीं कडीं. दुपारीं मसुरीचें सार, ऑलिव्ह तेलांत शिजवून गार केलेल्या भाज्या, घट्ट दहीं, आपल्या खाऱ्या ताकासारखें आयरान, कलिंगडें, जर्दाळू आणि पाकांत न्हालेला बकलावा. शाकाहारी माणसाची तेथें उपासमार होत नाहीं. मात्र सारांत आणि भातांतसुद्धां कधीं कधीं मांसाचें पाणी घालतात, तेव्हां आचाऱ्याला रोज विचारून घ्यावें; विचारल्याचा त्यांना राग येत नाहीं.

ह्या पद्धतीचा गुण आधीं सांगितला पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींना ह्या घरांत येऊन चाळीस वर्षें झालीं. सासू-सासरे, दीर-जावा, मुलें, आलागेला ह्यांचें करण्यांत तीं गेलीं. काशीयात्रेलासुद्धां पिशवींत स्टोव्ह व डाळतांदूळ बरोबर होते. सलग आठ दिवस चूल न पाहण्याचा हा त्यांच्या आयुष्यांतील पहिलाच प्रसंग. कन्येचेंही तसेंच, नोकरी, घर आणि मूल ह्यांच्या ओढाताणींत तिला दुपारची झोंप ठाऊक नव्हती, ती तिला येथें मिळाली. पहिल्या दोन दिवसांत मायलेकी समुद्राकडे तोंड करून जितक्या बोलल्या, तितक्या गेल्या दहा वर्षांत बोलल्या नसतील. ज्या घरांत बायकांच्या विश्रांतीची निराळी तजवीज कोणी करीत नाहीं, त्या घरांतील पुरुषांनीं अशा जागेला नांवें ठेवण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.

आतां दुसरी बाजू. पैसे अगोदर दिलेले असल्यामुळें समोरचा प्रत्येक पदार्थ फुकट वाटूं लागतो. लोक ताटांत डोंगर रचतात, चाखतात, आणि सोडून उठतात. उरलेलें अन्न वाढपी मुकाट्यानें उचलून नेतात. तिसऱ्या दिवशीं नातवानें चार प्रकारचीं मिष्टान्नें आणलीं व प्रत्येकाचा एकेक घांस घेऊन तीं बाजूला सारलीं. पानांत टाकूं नये हा आमच्या घरचा नियम, आम्हीं तसें म्हटलें, तेव्हां तो सहज म्हणाला, "आजोबा, पण पैसे दिले आहेत ना?" मुलाला हें कोणी शिकविलें नव्हतें, भोवतालचीं शेंकडों ताटें पाहून तो शिकला. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लींत अन्नाची निंदा करूं नये, अन्न अव्हेरूं नये, तें वाढवावें, अशीं व्रतें सांगून लगेच पुढें, राहावयास आलेल्या कोणालाही विन्मुख पाठवूं नये, असें सांगितलें आहे. अन्न आणि अतिथि हीं दोन्ही एकाच ठिकाणीं कां आलीं, ह्याचा विचार त्या रात्रीं आमच्या मनांत बराच वेळ घोळत होता. अन्न ज्याच्या हातून मिळतें त्याचें तोंड पाहिलें नाहीं, म्हणजे अन्नाचीही किंमत राहत नाहीं.

आमच्या मेजावर येणारा तरुण वाढपी देशाच्या पूर्व भागांतला, बसनें एका दिवसाच्या वाटेवरचा. त्याला इंग्रजी थोडेंसें व जर्मन पुष्कळ येई. एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. हिवाळ्यांत पुष्कळ हॉटेलें बंद होतात व माणसें घरीं जातात. आम्हीं त्याच्या घरची चौकशी केली, तेव्हां त्यानें आईचें छायाचित्र दाखविलें. कोणी पाहत नाहीं ना, हें आधीं त्यानें पाहून घेतलें होतें.

रिसॉर्टाला तिन्ही बाजूंनीं भिंत आणि चौथ्या बाजूला समुद्र. तुर्कस्तानच्या १९८२ च्या राज्यघटनेप्रमाणें समुद्रकिनारा सरकारच्या ताब्यांत असून त्याचा उपयोग आधीं सर्व लोकांच्या हितासाठीं व्हावयाचा आहे. वाळू अर्थातच सर्वांची. पण वाळूवरच्या पडखुर्च्या पट्टीवाल्यांच्या, आणि त्यांवर पहांटेसच टॉवेल टाकून जागा धरून ठेवणारे लोक पाहिले म्हणजे आपल्या एस्. टी. च्या खिडकींतून टाकलेल्या रुमालाची आठवण होते.

पैशाची वाटही पाहण्यासारखी आहे. प्रवासी पैसे आपल्या देशांतील प्रवासकंपनीला देतो, कंपनी हॉटेलाला देते, आणि प्रवासी भिंतीच्या आंतच जेवत असल्यामुळें गांवच्या खाणावळवाल्याच्या हातीं त्यांतलें फारसें पडत नाहीं. कंपनीच बुडाली तर हॉटेलवालाही अडचणींत येतो. १८४१ पासून चालत आलेला इंग्लंडांतील थॉमस कुक ह्या कंपनीचा धंदा सप्टेंबर २०१९ मध्यें बसला, तेव्हां सुमारें सहा लक्ष प्रवासी ठिकठिकाणीं अडकले, आणि ह्या किनाऱ्यावरील पुष्कळ हॉटेलांचीं येणीं थकलीं. (आपल्याकडील त्याच नांवाची कंपनी त्यापूर्वींच निराळ्या मालकीची झाली असल्यानें तिला त्याची झळ लागली नाहीं.)

चौथ्या दिवशीं सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, इथं कांहीं करावं लागत नाहीं हे खरं, पण कोणासाठीं कांहीं करतांही येत नाहीं. बाहेर पडूं या." भोजनगृहाजवळ एक बाई उंचवट्याच्या तव्यावर 'ग्योझलेमे' नांवाच्या पातळ पोळ्या भाजीत असे, आंत पालक किंवा चीज भरलेलें. सौभाग्यवतींनीं खुणेनें तिच्याजवळ लाटणें मागितलें होतें. बाई हंसली, परंतु मुकादमाकडे पाहून तिनें मान हलविली. पाहुण्यांनीं काम करावयाचें नाहीं, असा तेथील नियम असावा.

रस्त्यावर 'दोलमुश' मिळतो. ह्या शब्दाचा अर्थच 'भरलेला'; गाडी भरली कीं निघावयाची. आपल्याकडील वडापच तें. वीस मिनिटांत आम्ही सिदे येथें उतरलों.

सिदे म्हणजे समुद्रांत शिरलेल्या भूशिरावरील नगर. तेथील जुन्या भाषेंत ह्या नांवाचा अर्थ 'डाळिंब'. तेथील रंगमंडल इतर ठिकाणांप्रमाणें डोंगराच्या उतारावर कोरलेलें नसून, सपाट जमिनीवर कमानी उभारून त्यांवर तोललेलें आहे. सुमारें पंधरा हजार माणसें त्यांत बसत. अगदीं पाण्याच्या कांठीं अपोलोच्या देवळाचे पुन्हां उभे केलेले पांच पांढरे खांब आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत ह्याच बंदरांत चांचे लोक धरून आणलेल्या माणसांचा लिलांव करीत, असें स्ट्रॅबो ह्या भूगोलकारानें लिहून ठेवलें आहे. पुढें ख्रिस्तपूर्व ६७ मध्यें पाँपी ह्या रोमन सेनापतीनें त्यांचा बंदोबस्त केला. नगर ओस पडल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रीट बेटांतून निघालेल्या मुसलमान कुटुंबांनीं ह्या अवशेषांतच घरें बांधलीं. १९४७ पासून आरिफ म्युफिद मान्सेल ह्या तुर्की पंडितानें येथें उत्खनन केलें, आणि आतां रोमन स्नानगृहांतच संग्रहालय आहे. गणिताच्या शिक्षकांसाठीं एवढेंच सांगतों कीं, दीर्घवर्तुळादि शंकुच्छेदांवर ग्रंथ लिहिणारा अपोलोनियस ह्याच किनाऱ्यावरील पर्गा नगरीचा.

आमच्या मनांत घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. ख्रिस्तपूर्व ३३३ च्या सुमारास शिकंदर येथें आला, त्याचा वृत्तान्त लिहितांना आरियन सांगतो कीं, सिदेचे मूळ रहिवासी ग्रीसभाषी किमे नगरांतून आले. परंतु येथें पाय ठेवतांच ते आपली भाषा विसरले आणि शेजाऱ्यांनाही न कळणारी भलतीच भाषा बोलूं लागले. त्या भाषेचे थोडेच शिलालेख आज उरले आहेत. पडक्या वेशींत बसून आम्हीं ही कथा नातवाला सांगितली. तो मराठी समजतो, उत्तर बहुधा जर्मनमध्यें देतो. क्षणभर विचार करून त्यानें मराठींतच विचारलें, "मग त्यांचे आजोबा त्यांच्याशीं काय बोलायचे?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कन्या दुसरीकडे पाहूं लागली.

दुपारीं एका गल्लींत घरगुती खाणावळ सांपडली. म्हातारी मालकीण पाटावर पोळ्या लाटीत होती. सौभाग्यवतींनीं पुन्हां खूण केली. बाईनें तात्काळ सरकून जागा दिली आणि वीतभर जाड लाटण्याची संवय असलेल्या हातांत आपलें काठीसारखें लांब, बारीक लाटणें दिलें. पहिली पोळी वांकडी झाली, तिसरी गोल. दोघीही आपआपल्या भाषेंत बोलत होत्या आणि दोघींचें नीट चाललें होतें. आम्ही तेवढ्यांत फळ्यावरचे पदार्थ वाचीत होतों. वांग्याला तेथें 'पातलिजान' म्हणतात. संस्कृतांत वांग्याचें एक नांव वातिंगण; तोच शब्द फारशींतून फिरत इकडे आला, असें पंडितांचें मत आहे. साखर 'शेकेर', हवा 'हावा', दुकान 'दुक्क्यान'. आणि आपला हिशेब तो तेथें 'हेसाप'.

जेवण झाल्यावर आम्हीं हाच शब्द उच्चारला. बाईनें पोळ्यांचे पैसे घेतले. पण चहाचे देऊं लागतांच हात मागें घेतला आणि "मिसाफिर, मिसाफिर" म्हणून आमच्याकडे बोट दाखविलें. अरबी मूळ शब्द एकच. आपल्याकडे मुसाफिर म्हणजे वाटसरू. तुर्कींत मिसाफिर म्हणजे पाहुणा. जो वाटेनें चालला आहे तोच दारांत आला कीं पाहुणा होतो, हें त्या दोन भाषांनीं मिळून सांगितलें. उक्त्या मुक्कामांत आठ दिवस हिशेब कोणी मागितला नाहीं, पण तो अगोदरच पुरा झालेला होता. येथें हिशेब समोर झाला, आणि त्यांतून चहा वगळला गेला. नातू हें सर्व पाहत होता. त्याच्या बशींत पोळीचा तुकडा उरला होता. तो त्यानें कोणी न सांगतां संपविला.

जाऊं इच्छिणाऱ्यांना दोन सूचना. जुलै-ऑगस्टांत तेथें कडक उन्हाळा असतो. २८ जुलै २०२१ रोजीं जवळच्या मानवगत भागांत लागलेल्या वणव्यानें हजारो हेक्टर रान जळालें. तेव्हां मे किंवा ऑक्टोबर बरा. वयस्कर माणसांना, लेकुरवाळ्यांना व थकलेल्या गृहिणींना असा मुक्काम सोयीचा आहे, ह्यांत संशय नाहीं. त्यांनीं तो अवश्य घ्यावा. ताटांत मात्र घरच्यासारखेंच वाढून घ्यावें, वाढणाऱ्याचें नांवगांव विचारावें, तुर्की भाषेंतील दहा शब्द शिकून जावें, आणि आठांपैकीं निदान दोन दिवस भिंतीबाहेर जेवावें. दोलमुशचें भाडें थोडें आहे, आणि मनगटावर पट्टी असली तरी दारावरचा पहारेकरी बाहेर जाणाऱ्याला अडवीत नाहीं.