डीपीआरराव

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड नगरपरिषदेत तुमचं काम निघालं, तर आधी एका बड्या असामीची ओळख करून घ्या. कागदोपत्री नाव 'सविस्तर प्रकल्प अहवाल', पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही. मुख्याधिकाऱ्यांपासून घरकुलाच्या चौकशीला आलेल्या आजीपर्यंत सगळे डीपीआर म्हणतात. मी मानानं डीपीआरराव म्हणतो.

अंगानं भारदस्त, बांधणी पक्की. पहिल्याच पानावर गावाचा रंगीत नकाशा, पोटात घड्या घातलेले मोठे आराखडे. सभेच्या टेबलावर ठेवले की नवरदेवासारखे उठून दिसतात. जन्म मात्र गावातला नाही. सल्लागार संस्थेच्या, म्हणजे पीएमसीच्या, दूरच्या शहरातल्या कार्यालयात ते तयार होतात आणि रिसोडला येतात ते थेट सही-शिक्क्यासाठी.

ते लागतात कशाला, हेही रास्तपणे सांगायला हवं. छोट्या नगरपरिषदेत अभियंते मोजके. सकाळी नाली, दुपारी रस्ता, संध्याकाळी बिलं. त्यातून जलवाहिनीचं संकल्पन करायला बसणार कोण? त्यात २०१४ ला स्वच्छ भारत आलं, २०१५ ला शहरी पंतप्रधान आवास, १ ऑक्टोबर २०२१ ला अमृत २.०. एकामागून एक योजना, आणि निधी हवा तर आधी अहवाल दाखवा. डीपीआररावांचं खानदान वाढलं ते असं.

त्यांना भविष्य सांगायची भारी हौस. पाण्याची योजना असेल तर जलवाहिन्यांसाठी ३० वर्षं पुढचं बघतात, पंपांसाठी १५. पण पाय रोवलेले २०११ मध्येच. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती झाली नाही, म्हणून २०११ चा आकडा धरायचा, अंकगणिती, भूमितीय आणि वाढीव वाढीची पद्धत लावायची आणि २०५० च्या पुढचं रिसोड कागदावर वसवायचं. मधल्या काळात शेतं मोडून ले-आउट पडले, खेड्यांतली माणसं मुलांच्या शाळेसाठी इथे राहायला आली. ती गर्दी त्या गणितात नीट मावत नाही.

स्वभाव मानी. जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता मिळाल्याशिवाय हलायचं नाही, प्रशासकीय मान्यतेशिवाय बोलायचं नाही. तोवर नवी दरसूची आली की रुसवा: आकडे जुने झाले, आता सुधारित मान्यता आणा.

घरकुलाच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतात, पण आधी यादीत नाव हवं. म्हणून खिडकीवर लोक विचारतात, "माहं नाव कोन्त्या डीपीआरमधी हाये?" पुढे जोत्याचा फोटो, छताचा फोटो. तो काढायला सल्लागाराचा पोरगा मोबाइल घेऊन येईपर्यंत पुढचा हप्ता अडलेला. तो पोरगाही कंत्राटीच. उन्हातान्हात फिरतो आणि हप्ता लांबला की लोकांच्या शिव्या तोच खातो.

आता यांची मला सर्वांत खटकणारी खोड. अशा अहवालासाठी पाहणी करणारे एखाद्या गावात येतात, तिपाईवर यंत्र लावतात आणि अडलं की नळाचं पाणी सोडणाऱ्या वॉलमनला शोधतात. "लाइन इथून नाई साहेब, त्या निंबाखालून गेली," तो पायानंच जागा दाखवतो. कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, कुठला जोड दर उन्हाळ्यात फुटतो, कोणती चावी किती आटे फिरवायची, सगळं त्याला तोंडपाठ. ते ज्ञान इंग्रजीत जातं, तक्त्यात बसतं आणि अहवाल होऊन गावाला परत येतं. वॉलमनचं नाव त्यात कुठेच नसतं, आणि तो निवृत्त होतो तेव्हा त्याची माहिती नोंदवून घ्यायला नगरपरिषदेकडे साधी वहीही नसते.

केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी सल्लागार घ्यायची मुभा दिली, ती खात्याकडे स्वतःचं कौशल्य नसेल तिथे. पण कौशल्य नाही म्हणून सल्लागार, आणि सल्लागार आहे म्हणून कौशल्य कमवायची गरज नाही, असा फेरा सुरू झाला आहे. मारियाना माझुकाटो आणि रोझी कॉलिंग्टन यांनी २०२३ च्या 'द बिग कॉन' या पुस्तकात मोठमोठ्या देशांच्या सरकारांबद्दल हेच दुखणं मांडलं. वाशिमसारख्या आकांक्षित जिल्ह्यातल्या गावाला ते जास्त जाचतं, कारण इथे मुळातच माणसं कमी. त्यात सल्लागाराची फी बऱ्याचदा प्रकल्पाच्या किमतीच्या टक्क्यांत असते. काम जेवढं मोठं तेवढी फी मोठी. मग "एवढं मोठं नको, आहे ती लाइन दुरुस्त करा," हा सल्ला द्यायचा कुणी?

डीपीआररावांवर माझा राग नाही. चांगला अहवाल गावाची तहान भागवतो, हे मला मान्य आहे. पण ते पाहुणे म्हणून यावेत आणि जाताना घरच्यांना शहाणं करून जावेत. पाहणीच्या पहिल्या दिवसापासून नगरपरिषदेचा अभियंता आणि वॉलमन दोघं सोबत असावेत. सारांश मराठीत लिहून सूचनाफलकावर लागावा. नुसती छापील प्रत घेऊन भागत नाही. नकाशांच्या मूळ फाइली आणि पाण्याच्या दाबाची गणितं नगरपरिषदेच्या संगणकात उघडून दाखवावीत, त्यानंतरच सल्लागाराच्या शेवटच्या देयकावर सही व्हावी.