एका चुलीचं मायग्रेशन

मुंबईत लाकडावरची चूल विकत घ्यायला निघालात तर दुकानदार आधी तुम्हाला बार्बेक्यू दाखवतो. मुलुंडला आरआरटी रोडवर भांड्यांच्या तीन दुकानांत हाच अनुभव आला. तिसऱ्या दुकानातल्या कच्छी काकांनी तर सरळ विचारलं, "फार्महाउस पे पार्टी है क्या?" म्हटलं, नाही हो, आत्यासाठी हवी आहे, गावी, रोजच्या स्वयंपाकाला. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "गांव में तो मिट्टी की बनती है, फोकट में!"

काकांचं बरोबरच होतं. फुकटात मिळणाऱ्या वस्तूसाठी मी दोन-अडीच हजार रुपये घेऊन हिंडत होतो. त्यात मुंबईतून लाकूड आता हद्दपार होत चाललंय. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस आहे, लायटरने टिक केलं की पेटला. आमच्या चिरंजीवांना चूल माहीत आहे ती फक्त 'घरोघरी मातीच्या चुली' या म्हणीतून, तीही परीक्षेपुरती. गंमत म्हणजे भाषेतून चूल काही जात नाही. भाऊ वेगळे झाले की 'वेगळी चूल' मांडतात, सगळ्या घरादाराला जेवायला बोलावलं की ते 'चूलबंद आमंत्रण'. जनगणनेतही कुटुंब कोणतं, तर ज्यांचा स्वयंपाक एकत्र होतो ते!

तर मुद्दा आत्याचा. आत्या ७१ वर्षांची, चिपळूणच्या पुढे गाव. गेली काही वर्षं तिला खोकला आहे. पावसाळ्यात वाढतो, थंडीत तर रात्र रात्र झोपू देत नाही. यंदा डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं, रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "आजी, विडी वगैरे ओढता का?" आत्याला इतकं हसू आलं की पुन्हा खोकल्याची उबळ आली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, मग चूल. सीओपीडी आहे, गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते राखायचं असेल तर धूर कमी करा.

तुम्ही म्हणाल, मग गॅस घ्या की! गॅस आहे हो. दोन सिलिंडरचं कनेक्शन आहे, शेगडीवर भरतकाम केलेलं कापड घातलेलं आहे. पाहुणे आले की कापड निघतं, चहा होतो, कापड परत जागेवर. आम्ही सगळी भाचरंडं गेली दहा वर्षं तिला "आत्या, गॅस वापर गं" सांगतोय आणि ती "हो रे बाबा" म्हणतेय. आमच्या धंद्यात असल्या युजरला आडमुठा म्हणतात. पण तीस वर्षं चालणारी लेगसी सिस्टीम कुणी बंद करत नसेल तर ती असं काहीतरी करत असते जे नव्या सिस्टीमच्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलंच नसतं, हेही आमच्याच धंद्यातलं शहाणपण. म्हणून मे महिन्यात चार दिवस गेलो तेव्हा काही न बोलता दोन दिवस तिच्या स्वयंपाकघरात पाट टाकून बसलो. हातात वही. आत्याने वाडीत सांगून टाकलं की माझ्या भाच्याची नोकरी गेली म्हणून.

वहीत काय निघालं ते थोडक्यात देतो. पहाटे साडेपाचला आंघोळीचं पाणी, मोठा हंडा, इंधन म्हणजे झावळ्या आणि नारळाची सोडणं. त्याच विस्तवावर चहा. मग पेज. मग म्हशीचं आंबोण. मग भाकऱ्या. भात होत असताना शेजारच्या वैलावर आमटी आपोआप शिजते, वेगळं लाकूड लागत नाही. दुपारी निखाऱ्यावर दूध संथ तापत राहतं. संध्याकाळी पुन्हा भात आणि निखाऱ्यात एखादा सुका बांगडा. पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यावर ओली फाटी सुकतात, बियाणं टिकतं, धुराने वाशांना कीड लागत नाही. एकूण नऊ कामं. यातली गॅसवर बिनतक्रार होतील अशी तीन. आणि लाकूड? घरच्या बागेतलं. नारळ दर महिन्याला झावळी टाकतो, त्याचं बिल येत नाही.

ऑफिसमधल्या मित्राकडून हवा मोजायचा एक छोटा मीटर उसना आणला होता. पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण, तो मोजतो. आपल्याकडचं चोवीस तासांचं सरकारी मानक आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. पहाटे सोडणं पेटवल्यावर मीटरचा आकडा ९९९ वर जाऊन थांबला. आधी वाटलं बिघडला. मग कळलं, त्याला त्याच्या पुढे मोजताच येत नाही!

परत आल्यावर वाचायला बसलो. (शनिवार-रविवार दुसरं करतो काय आपण!) तर बिनधुराच्या चुलीचं वेड आपल्या देशात स्वातंत्र्याच्याही आधीचं. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी 'मगन चूल' काढली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये लाखो घरांसाठी बिनधुराच्या स्वयंपाकघराची पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तीन कोटींच्या वर चुली वाटल्या आणि २००२ मध्ये तो बंद केला. आपल्या पुण्यात डॉ. आनंद कर्वे (महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव) यांच्या 'आरती' संस्थेने या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं, गावोगावच्या कुंभारांना आणि बायकांना चुली बनवायला शिकवलं. म्हणजे डोकी कमी पडली असं मुळीच नाही.

मग अडलं कुठे? दोन गोष्टी वाचून डोक्यात प्रकाश पडला. एक, ओडिशातला प्रयोग. एस्थर द्युफ्लो (२०१९ च्या नोबेलवाल्या) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २,६०० कुटुंबांत धुराड्याच्या सुधारित चुली कुणाला आधी मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आपल्या भाषेत ए-बी टेस्ट. आणि मग वर्षानुवर्षं जाऊन बघितलं. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला. नंतर फरक संपला. चुलीची डागडुजी झाली नाही, वापर नियमित राहिला नाही, जुनी चूल शेजारी होतीच. दुसरी गोष्ट 'ऊर्जा' नावाच्या पंख्याच्या चुलीची. बंगळूरच्या आयआयएससीचं तंत्रज्ञान, बीपीसारखी मोठी कंपनी, २००६ पासून महाराष्ट्र-कर्नाटकात लाखांनी खपली. पण ती चालायची खास दाबून केलेल्या भुश्याच्या गोळ्यांवर. कच्चा माल महागला, गोळ्या महागल्या आणि चुली माळ्यावर गेल्या. व्हेंडर लॉक-इन म्हणतात ते हेच!

थोडक्यात, किती चुली वाटल्या हे सगळ्यांनी मोजलं. जुनी चूल किती वेळा पेटली नाही, हे क्वचितच कुणी मोजलं. आणि आत्याच्या छातीला फरक पडायचा तो या दुसऱ्याच आकड्याने.

हे वाचल्यावर निवड सोपी झाली. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पंख्याची आणि बिनपंख्याची. लाकूड जळतं म्हणजे खरं तर लाकडातून निघणारा वायू जळतो. त्याला पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली नाही की तो न जळताच वर जातो, तोच आपला धूर. पंखा ती हवा जोराने देतो. बिनपंख्याच्या चुलीत अरुंद, उष्णता धरून ठेवणारी उभी नळी असते, तिच्यातून हवा आपोआप वर खेचली जाते. भारतीय मानकाप्रमाणे बिनपंख्याच्या चुलीने लाकडातली निदान २५ टक्के उष्णता भांड्याला द्यायला हवी, पंख्याच्या चुलीने ३५. उघड्या चुलीत हा आकडा दहा-पंधराच्या आसपास. इंजिनिअर म्हणून माझा जीव पंख्यात अडकला होता. त्याला चार्जिंग आहे, बटण आहे! पण कोकणात जुलैमध्ये दोन दोन दिवस वीज नसते, आणि पंख्याच्या चुलीला लाकडाचे बोटभर तुकडे करून घालावे लागतात. ७१ वर्षांच्या बाईने कोयत्याने चिपट्या पाडत बसायचं? बिनपंख्याची ठरली.

ती शेवटी घाटकोपरला मिळाली, पश्चिमेच्या एका हार्डवेअरच्या दुकानात, वरच्या फळीवर, धूळ खात. स्टीलचा डबा, खाली एक तोंड, वर तीन कान, वजन चार-पाच किलो. शनिवारची दुपार, म्हणून लोकलच्या मालडब्यात चढलो. शेजारी भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन एक मावशी बसल्या होत्या. "काय आहे ते?" चूल आहे म्हटल्यावर त्यांनी खोकं उघडायला लावलं. उलटीसुलटी केली, तोंडात हात घालून बघितलं. "केवढ्याला?" किंमत ऐकून भुवया वर. मग म्हणाल्या, "चांगली आहे. पण भाकरी कुठं शेकणार? निखारा पुढं ओढायला जागाच नाय." विक्रोळी ते मुलुंड एवढ्या वेळात झालेला हा सर्वात चांगला प्रॉडक्ट रिव्ह्यू. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करतात तेव्हा ती फुगते. तवा आणि ज्वाला एवढ्यावर भाकरी भागत नाही.

पुढच्या शुक्रवारी रात्री ठाण्याच्या खोपट स्टँडवरून एसटी. चूल पायाशी. मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही त्यांना पटणार नाही.

डेमो मी दिला नाही. हे मुद्दाम. आत्याच्या हातात फाटी दिली आणि म्हटलं, तू बघ. तिने आधी चुलीला हळदकुंकू लावलं, मग पेटवली. चहा सात-आठ मिनिटांत. फुंकणीला हात लागला नाही, हे तिच्या आधी माझ्या लक्षात आलं. भांडं पूर्वीसारखं काळंकुट्ट झालं नाही, हे तिच्या आधी लक्षात आलं. भातही झाला. भाकरीला मात्र तिने मान हलवली. "ही नाही रे जमायची हिच्यावर." मी म्हटलं, "मग नको करू." तिला वाटलं मी रुसलो. तसं नव्हतं. वहीत नऊ कामं होती, त्यातली किती हलतात एवढंच बघायचं होतं. चहा, पेज, भात, आमटी नव्या चुलीवर. दूध आणि पाहुणे गॅसवर. भाकरी, आंबोण आणि आंघोळीचं पाणी जुन्या चुलीवर. आणि नवी चूल हलकी असल्याने आत्याने ती स्वतःच उचलून मागच्या पडवीत नेली. "इथं वारा आहे आणि म्हैस पण दिसते." धुराचा अर्धा प्रश्न तिने त्या एका वाक्यात सोडवला. चूल उचलता येते, हा गुण कुठल्याच जाहिरातीत ठळक लिहिलेला नव्हता.

याला आता पाच महिने झाले. दर रविवारी फोनवर मी एकच प्रश्न विचारतो, जुनी चूल आज किती वेळा पेटवलीस? आधी ती सकाळी पेटायची ती रात्रीपर्यंत धुमसत असायची. आता सकाळी एकदा आणि एक दिवसाआड संध्याकाळी भाकरीपुरती. गणपतीत गेलो तेव्हा मीटर नेला होता. दुपारी भात होताना स्वयंपाकघरात ७०-८०, पूर्वी तिथे काही शे असायचे. पडवीत चुलीच्या अगदी जवळ तो अजूनही दोनशेच्या वर जातो, त्यामुळे 'बिनधुराची' हा शब्द मी वापरणार नाही. लाकूड जळलं की थोडा धूर असणारच, खरं स्वच्छ फक्त गॅस आणि वीज. खोकला आहे. पण रात्री एकदा उठते, पूर्वी चार वेळा उठायची. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा.

पहाटेचं पाणी तेवढं राहिलं, म्हणजे ते ९९९ राहिले. तेच सगळ्यात जास्त लाकूड खातं आणि तेव्हाच दारं-खिडक्या बंद असतात. गेल्या रविवारी आत्यानेच विषय काढला. "तुझ्या आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब आहे बघ माळ्यावर. बूड गेलंय. मुंबईत कुठे डाग मारून देतील का? न्हाणीच्या बाहेर ठेवीन." दहा वर्षं आम्ही सांगत होतो, पहिल्यांदा मागणी तिकडून आली! तर मंडळी, बंबाला डाग मारणारा कारागीर मुलुंड-भांडुपच्या आसपास कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. पुढच्या शनिवारी बंब घेऊन मालडब्यात असेन.